नाकातला ओ, तोंडातला ओ

१२ जून

ताई,

मायन्यात काय लिहावं यातच बराच वेळ गेला. 'तीर्थरूप' लिहिलं असतं तर तू हसली असतीस आणि 'प्रिय' लिहिलं असतं तर तुला संशय आला असता. म्हणून नुसतं ताई.

आई म्हणते, फोन कर. मी करणार नाही. फोनवर तू माझी वाक्यं पूर्ण करायचीस. मी 'मला आज' म्हणायचे आणि तू 'बरं वाटत नाहीये का?' म्हणून मोकळी व्हायचीस. कागदावर तुला ते जमणार नाही. माझं वाक्य संपेपर्यंत थांबावंच लागेल.

बातमी अशी की मी फ्रेंच शिकायला लागले आहे. हसून घे. झालं? आता पुढे वाच.

खेळणं थांबवल्यापासून मी तलवारबाजीच्या हॉलमध्येच असते हे तुला आईकडून कळलं असेल. सकाळी लहान मुलांना पावलं शिकवते, दुपारी पात्यांच्या तुटलेल्या वायरी जोडते, आणि सामने असले की बाजूचा पंच म्हणून उभी राहते. बाजूच्या पंचाने फक्त हात वर करायचा असतो, तोंड उघडावं लागत नाही. मला अगदी सोयीचं. पण गेल्या महिन्यात सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वार लागला हे यंत्रावरचा दिवा लागायच्या आधी तुला कळतं. मग कडेला काय करतेस? मधे उभी राहा."

मी म्हटलं, "मधल्या पंचाला बोलावं लागतं."

"मग बोल."

"आंतरराष्ट्रीय सामन्यांत फ्रेंच बोलावं लागतं."

"मग फ्रेंच बोल," असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. सरांना सगळंच सोपं वाटतं.

खरंच तसं आहे ताई. सामना कुठल्याही देशात असो, खेळाडू कुठलेही असोत, पंच हुकूम सोडतो ते फ्रेंचमध्ये. सुरू करा, थांबा, वार कुणाचा, गुण कुणाला, सगळं. पुढच्या वर्षी इथे मोठी स्पर्धा आहे आणि तिच्यातच पंचांची परीक्षा. पास झाले तर परवाना मिळतो, देशोदेशी बोलावणं येतं. जन्मतः फाटलेली आणि मग टाके घालून शिवलेली टाळू घेऊन मी हे करायला निघाले आहे. तुला आधी कळवावं असं वाटलं. का, ते विचारू नकोस.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते, पण रागाने.

तुझी धाकटी


२९ जून

ताई,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मला सांगायचंच आहे.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त आहेत. कपड्यांच्या लाँड्रीवर त्यांची खोली आहे. खालून वाफेच्या इस्त्रीचा फुस्स असा आवाज येत राहतो आणि बाई त्याला म्हणतात, "बघा, याचा 'स' तुमच्यापेक्षा चांगला आहे." वर्गात आम्ही तिघं. एक हॉटेलातला वेटर, त्याला आम्ही दादा म्हणतो. परदेशी निघालेली एक नर्स. आणि मी, मागच्या बाकावर, अर्थातच.

फ्रेंच लिहितात एक आणि बोलतात दुसरंच. शब्दाच्या शेवटी अक्षरांची रांग उभी असते आणि बोलायची वेळ आली की सगळी गप्प. मला ही भाषा पहिल्याच दिवशी आवडली. लिहायचं सगळं आणि बोलायचं जेवढ्यास तेवढं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? ई म्हणताना ओठांचा ऊ करायचा, असा एक स्वर आहे. तो म्हणताना दादा शिट्टी मारायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. सी या अक्षराचा क होतो, पण त्याच्या खाली शेपटी लावली की स. काही अक्षरांच्या डोक्यावर टोप्या, काहींच्या डोक्यावर तिरकी काडी. दादा म्हणाला, "बाई, ही अक्षरं आहेत की वरात?"

आणि मग आले नाकातले स्वर. 'चांगला' या शब्दाला ते 'बों' म्हणतात. लिहिताना शेवटी न असतो, पण तो म्हणायचा नाही, ओ नाकात सोडून द्यायचा. दादा म्हणाला, "बॉन." नर्स म्हणाली, "बोंग." बाईंनी कपाळाला हात लावला आणि मागे बोट दाखवलं. "तू."

ताई, मी म्हटलं, "बों."

बाई उठून माझ्या बाकापाशी आल्या. "परत."

"बों."

"ऐकलंत का रे? हे असं हवं. जिभेची लुडबुड नाही, न नाही, नुसता नाकातला ओ. हिच्याकडून शिका." आणि ताई, तो मोठा बाप्या दादा आणि ती नर्स माझ्याकडे वळून माझ्या तोंडाकडे बघत होती, माझ्यासारखं बोलायला! शाळेत असताना सगळ्या गल्लीला माझी नक्कल यायची. पण नक्कल करणाऱ्याला जमत नाही म्हणून कुणी रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी चालत आले. बस होती तरी चालत आले.

धाकटी


१४ जुलै

ताई,

मागच्या पत्रात जरा जास्तच नाचले होते.

काल बाईंनी फळ्यावर दुसरा शब्द लिहिला. 'देखणा' याला 'बो'. साधा तोंडातला ओ, नाकाचा काही संबंध नाही. दादाने म्हटला, नर्सने म्हटला. मी म्हटलं, "बों."

"नाही. तो 'चांगला'. मला 'देखणा' हवाय. बो."

"बों."

खालची इस्त्री फुस्स फुस्स करत राहिली. बाईंनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि माझ्या नाकाखाली आडवा धरला. "म्हण." आरशावर धुकं आलं. त्यांनी पदराने पुसला, परत धरला. परत धुकं. म्हणजे मला जमलं म्हणून मी फुशारले ते मला जमलेलंच नव्हतं. मला तेवढं एकच येतं. माझ्याकडे चांगला आणि देखणा एकच.

वर्ग सुटल्यावर बाईंनी थांबवलं. त्यांना कीव बिव करता येत नाही. म्हणाल्या, "टाळूच्या मागच्या बाजूला एक पडदा असतो. तो वर उचलला की नाकाचं दार लागतं. तुझा उचलतच नाही, की उचलायची सवय नाही?"

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले होते, उचलू शकेल. व्यायाम दिले होते. मी केले नाहीत."

"का?"

 बोलायची वेळच कुठे येत होती, असं म्हणणार होते. तेवढा आरसा त्यांनी मला घरी न्यायला दिला.

धाकटी


२ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण तुझ्याच हस्ताक्षरात आहेत आणि टाइप करून अशिलाला पाठवतेस तशा नाहीत, म्हणून आईने ते दोनदा वाचून घेतलं.

तू लिहितेस, 'ओळखीचे एक मोठे सर्जन आहेत, मी बोलते त्यांच्याशी.' आभार. पण बघ ना ताई, तुझ्या चार ओळींतसुद्धा 'मी बोलते' आहेच.

म्हणून आता ते लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी मी शेवटचा सामना जिंकले. निवेदकाने माइक माझ्यापुढे धरला. मी काय बोलणार ते आठवडाभर घोकलं होतं. सर, आई आणि तू, तिघांचे आभार, तीन वाक्यं. पहिलं वाक्य तोंडात असतानाच तू प्रेक्षकांतून उतरून आलीस, माइक हातात घेतलास आणि माझ्या वतीने सुंदर भाषण केलंस. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी म्हटलं, "मला बोलता येत होतं." तू म्हणालीस, "बोलता येतं गं, लोकांना कळत नाही. हसले असते सगळे. मला नसतं बघवलं." आणि मी म्हटलं, यापुढे माझ्यासाठी एक शब्द बोलू नकोस. तू बोललीही नाहीस. माझ्यासाठी नाही आणि माझ्याशीही नाही. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं तुझ्या स्वभावात नाही.

तरी दुसरी बाजूही माझीच आहे, तीही मांडते. मी चार वर्षांची असताना माझं बोलणं आईलाही कळायचं नाही. तुला कळायचं. मी काहीतरी पुटपुटायचे आणि तू घरभर भाषांतर करत फिरायचीस, "तिला भात नकोय, तिला गच्चीत जायचंय." एकदा मी नुसतीच रडत होते तर तू म्हणालीस, "तिला काही नकोय, तिला रडायचंय." शाळेच्या फाटकापाशी नक्कल करणाऱ्या पोराचा तू कान असा पिळलास की त्याची आई भांडायला आली आणि तू तिच्याशीही भांडलीस. तू वकील झालीस त्यात कुणाला नवल वाटलं नाही. तुझं पहिलं वकीलपत्र माझं होतं.

फक्त ते मी कधी परत मागून घेतलं नाही. आता मागतेय. सर्जनशी बोलायचं झालं तर मी बोलेन.

चिडू नकोस. चिडलीस तर लिहून चीड.

तुझी धाकटी


१० ऑक्टोबर

ताई,

तुझ्या लांबलचक चिडक्या पत्राला उत्तर निराळं लिहीन. 'मला वाटलं मी ढाल आहे' हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

सर्जनकडे गेले. एकटी. तुझं नाव सांगितलं नाही. त्यांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, पडदा आळशी आहे, पण मेलेला नाही. राबवा त्याला. वाक्य तिथल्या तिथे पाठ केलं.

आता घरात सकाळ कशी होते ते ऐक. मी न्हाणीघरात बेसिनपाशी, हातात आरसा. बाहेर आई. मी 'बो' म्हणते. आई विचारते, "धुकं?" मी म्हणते, "धुकं." ती म्हणते, "मग परत." आई आता वर्गाबाहेरची चौथी विद्यार्थिनी झाली आहे. परवा भाजीवाल्याचे आभार मानताना तिने 'मेर्सी' म्हटलं. त्याने तिला दोन मिरच्या जास्त दिल्या.

र वेगळाच छळ आहे. फ्रेंच र जिभेच्या टोकाने म्हणत नाहीत, घशाच्या तळातून खरवडून काढतात. बाईंनी सांगितलं, गुळणी करताना घसा जिथे वाजतो ती त्याची जागा, घरी पाण्याने सराव करा. दादाने आठवडाभर गुळण्या केल्या. मी नाही. तुला कारण माहीत आहे. मधल्या सुट्टीत पाणी पिताना ते नाकातून आलं होतं आणि सगळा वर्ग बघत होता. टाके नंतर नीट भरले, तरी त्या दिवसापासून मी मान मागे करून पाणी प्यायलेले नाही.

काल न्हाणीघराचं दार लावलं. तोंडात पाणी घेतलं. मान मागे केली. आणि घसा वाजवला. ताई, एक थेंब आला नाही नाकातून. एकसुद्धा नाही. मी गुळण्या करत राहिले, तांब्या रिकामा झाला. आई दार वाजवायला लागली, "अगं काय झालं, उलटी होतेय का?" मी आतून ओरडले, "नाही गं, र होतोय!"

धाकटी


१९ डिसेंबर

ताई,

धुकं नाही.

आईने आरसा खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग चष्मा लावून पाहिला. 'बो' म्हटलं, कोरडा. 'बों' म्हटलं, धुकं. परत 'बो', कोरडा. आता माझ्याकडे दोन आहेत.

बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं. आता पुढचा शब्द." त्यांची ही पद्धत मला पटते. पण निघताना दादा हळूच म्हणाला, "बाईंनी डोळे पुसले, फळा पुसायच्या फडक्याने."

एक गंमत सांगायची राहिली. सामना सुरू करण्याआधी पंच विचारतो, तयार आहात? पुरुष असले तर 'प्रे', शेवटची अक्षरं गप्प. बायका असल्या तर त ऐकू येतो. आता तूच म्हणून बघ. हातात तलवार घेतलेल्या दोन मुलींकडे बघून मी गंभीर चेहऱ्याने विचारायचं, "प्रेत?" पहिल्यांदा म्हटलं तेव्हा हॉलमधली बारकी पोरं जमिनीवर लोळली. मी त्यांना लोळू दिलं आणि परत विचारलं. आता कुणी लोळत नाही, सगळे मुकाट्याने पवित्र्यात उभे राहतात.

रोज हॉल रिकामा झाला की सर समोरच्या टोकाला जाऊन उभे राहतात आणि मी या टोकाहून हुकूम सोडते. कळलं की ते हात वर करतात. आज सगळ्याला हात वर केला.

तुझी (आणि आज जरा माझीही)
धाकटी


२१ फेब्रुवारी

ताई,

स्पर्धा सहा मार्चपासून, परीक्षा दुसऱ्या दिवशी. ये असं म्हणत नाही. वर गॅलरी आहे आणि तिथे बसायला तिकीट लागत नाही, एवढंच कळवते.

धाकटी


९ मार्च

ताई,

तू रात्रीच्या गाडीने गेलीस आणि आपण दोघी बोललो ते आईच्या चपात्या, तुझे पांढरे झालेले केस आणि गाडीची वेळ, एवढंच. परवाना मिळाला हे तुला तिथेच कळलं. तरी लिहिते, कारण तू वर होतीस आणि मी खाली, आणि खालचं तुला दिसलं नसेल.

सकाळचे सामने बरे गेले. परीक्षक परदेशी, चष्म्याआडून बघणारा, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. मांडीवरच्या पॅडवर काहीतरी टिपत राहायचा.   मग मुलींची उपांत्य लढत माझ्याकडे आली. उजवीकडे गेल्या वर्षीची विजेती, सगळा हॉल तिच्या बाजूने. डावीकडे एक अनोळखी पोर, तिच्यासाठी टाळी वाजवायला तिचे वडील तेवढे.

चौदा-चौदा झाले. आता जो गुण तो शेवटचा. या गुणाला फ्रेंचमध्ये 'सुंदरी' म्हणतात. मी विचारलं, "प्रेत?" कुणी हसलं नाही. मग "आले!", म्हणजे सुरू करा.

दोघी धावल्या, दोन्ही दिवे लागले. अशा वेळी दिवे काही सांगत नाहीत, वार आधी कुणी सुरू केला ते पंचाने सांगायचं असतं. हॉलने ठरवूनच टाकलं होतं, विजेती नाचायलाही लागली होती. ती पुढे आधी आली होती हे खरं, पण हात आखडून. हात आधी सरळ झाला तो डावीकडच्या पोरीचा. मी ते पाहिलं होतं. मी हात डावीकडे केला आणि फ्रेंचमध्ये म्हटलं, वार डावीकडून, लागला, गुण.

तेव्हा विजेतीचा प्रशिक्षक कठडा ओलांडून आला. तो काय ओरडला ते वर ऐकू आलंच असेल. "काय म्हणाली ही? कुणाला कळलं का? नाकात गुणगुणते नुसती! बोलता येणारा पंच आणा!"

 परीक्षकाचं पेन थांबलं. सर लांबच्या भिंतीपाशी होते, ते हलले नाहीत. आणि ताई, मी वर पाहिलं. तू उभी राहिली होतीस. दोन्ही हात कठड्यावर, अंग पुढे झुकलेलं, तोंड उघडलेलं. तो चेहरा मी जन्मभर पाहिलाय. त्याच्यामागून येणारं पहिलं वाक्य कुठलं असतं तेही मला पाठ आहे. हॉलमध्ये तू कुणाला सोडलं नसतंस. आणि परीक्षकाने माझ्या नावापुढे काट मारली असती, कारण ज्या पंचाची बाजू गॅलरीतून मांडावी लागते तो पंच नव्हे.

त्याच्या ओरडण्यावर मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. काय बोलणार, जमणार की नाही, हे तुला कळायला काही मार्ग नव्हता.

आणि तू तोंड मिटलंस. हात कठड्यावरून काढून घेतलेस. आणि खाली बसलीस.

मी खिशातून ताकिदीचं पिवळं कार्ड काढलं. पिवळ्या कार्डाला ते म्हणतात 'कार्तों झोन'. पहिल्या शब्दाचा शेवटचा ओ नाकातला, दुसऱ्यातला तोंडातला. आधी दार उघडं, लगेच बंद, त्याच्याही आधी घशातला र, आणि तो झ, म्हणजे श म्हणताना गळा वाजवायचा. माझ्या वाट्याला जे जे अवघड होतं ते सगळं दोन शब्दांत. मी कार्ड वर केलं, त्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हटलं. तो एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक, आणि कठड्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मग मी निर्णय तोच, त्याच शब्दांत, परत दिला. डावीकडच्या पोरीने मुखवटा काढून मला सलाम केला. परीक्षकाने पेन पुन्हा चालवलं.

संध्याकाळी त्याने मला निकाल सांगितला तेव्हा पहिल्यांदा हसला. म्हणाला, हे उच्चार कुठे शिकलात? मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. त्याला वाटलं मी शब्द चुकले. मी चुकले नव्हते.

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही लिहिलेलं. तू बसलीस म्हणून मी उभी राहू शकले असं मी म्हणणार नाही, मी उभीच होते. पण त्या क्षणी तुला बसायला किती कष्ट पडले असतील ते या जगात मला एकटीला माहीत आहे. तू बसलेली मला दिसलीस, आणि मग मी ते दोन शब्द अशा आवाजात म्हटले, की वर गॅलरीतल्या माझ्या ताईला कानामागे हात धरावा लागू नये.

तुझीच
पंच